एकासारखी एक गोळी



आपण म्हणतो, ‘त्यानं ठासून सांगितलं.’ आपण म्हणतो, ‘पुढाऱ्यांची घोषणा म्हणजे फुसका बार निघाला.’ बोलताना आपल्या डोळ्यांपुढे बंदूक नसते. पण ठासणं म्हणजे दाबून भरणं, आणि बार म्हणजे बंदुकीत भरलेला ऐवज. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी नि गोळी घालायची आणि गजानं ते सगळं दाबून बसवायचं. कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची जी बंदूक असते, तिला आजही ठासणीची बंदूक म्हणतात. जुन्या मराठीत ‘रंजक’ म्हणजे बंदुकीच्या कानावर टाकायची चिमूटभर दारू. तिला बत्ती लागली की आतला बार पेट घ्यायचा. आज आम्ही कवी मंडळी कविता रंजक झाली, असं कुणी म्हटलं की खूश होतो. जुन्या काळी रंजक नुसतीच भुर्रकन जळून जायची आणि आतला बार पेटायचाच नाही, असं पुष्कळदा व्हायचं. कवितेतही होतं म्हणा.

आज मला बोलायचं आहे ते नेमबाजीच्या गोळीविषयी. लढाईची नव्हे, शिकारीचीही नव्हे. कागदाच्या लक्ष्यावर झाडायची गोळी. नेमबाजांना पदक मिळालं की आपण त्यांच्या एकाग्रतेवर बोलतो, त्यांच्या रायफलीच्या किमतीवरही बोलतो. गोळीवर मात्र कुणी बोलत नाही. सगळ्या गोळ्या सारख्याच असणार, असं आपण धरून चालतो. त्या सारख्या नसतात. त्या सारख्या कराव्या लागतात, आणि नेमबाजीतलं निम्मं राजकारण, निम्मा खर्च आणि बरीचशी गंमत या एका गोष्टीत आहे.

कविता करणाऱ्या माणसाला हा विषय सुचला कुठून, असं आपल्याला वाटेल. माझी भाची एअर रायफलवर शिकली, मग पुण्याला गेली आणि तिथे पॉइंट टू टू रायफल चालवायला लागली. माझ्या बहिणीला पहिली काळजी पडली ती वेगळीच. ‘भाईजान, घर में कारतूस? लोगां क्या बोलेंगे?’ आमच्या घराच्या दारावर जे नाव आहे, त्या नावाच्या घरात ही काळजी उगाच नव्हे. भाचीनं तिला समजावलं की काडतुसं क्लबच्या नावावर येतात, क्लबच्या कपाटात कुलपात राहतात, आणि किती आली, किती झाडली याची नोंद वहीत होते. बहीण शांत झाली. मी मात्र त्या कपाटात अडकलो. भाची म्हणाली होती, ‘मामू, एकाच कंपनीच्या दोन डब्यांतल्या गोळ्या सारख्या लागत नाहीत.’ असं कसं होईल, म्हणून मी वाचत गेलो, लोकांना विचारत गेलो. त्यातलं थोडं आपल्याला सांगतो.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशु’वरून आला. बटाटा आणि पगार आले त्याच गलबतातून म्हणा. सुरुवातीचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका बाराची दारू आधीच मोजून तिच्यात भरलेली, आणि टोकाशी गोळी. शिपायाच्या कमरेला तोसदान, म्हणजे काडतुसांची कातडी पेटी. सोय तर झालीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की माप शिपायाच्या हातातून गेलं. घाईत कधी कमी, कधी जास्त दारू ओतली जायची, ते थांबलं. प्रत्येक बार आदल्या बारासारखा व्हावा, या खटपटीतलं हे पहिलं मोठं पाऊल.

आमच्या शहरात क्रांती चौक आहे. जुनी माणसं त्या जागेला काळा चबुतरा म्हणत. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात बंड झालं, जनरल वुडबर्नच्या फौजेनं ते मोडलं, आणि बंडवाल्यांना झालेल्या शिक्षांची आठवण त्या जागेला चिकटून राहिली. इथल्या स्वारांची तक्रार काडतुसांची नव्हती. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चाल करून नेणार, अशी बोलवा त्यांच्यात उठली होती. पण १८५७ म्हटलं की आपल्याला शाळेतली चरबी लावलेली काडतुसंच आठवतात. चरबी कशाला लावायची, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. ते उत्तर नेमाच्या इतिहासात आहे.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, लडबडत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा नसे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत आटे होते, स्क्रूला असतात तसे, पण फार सावकाश वळणारे. आट्यांत धरली गेलेली गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा कलत नाही. गोळी आट्यांत बसली पाहिजे, पण भरताना अडकता कामा नये. म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान करत आणि बार उडाला की तिचं बूड फुगून आट्यांत रुते. तिच्याभोवतीच्या कागदाला वंगण हवं, म्हणजे ती सहज खाली उतरेल आणि नळीत दारूची काजळी धरणार नाही. ते वंगण म्हणजे ती चरबी. नेम सुधारण्यासाठी केलेली एक कारागिरी, आणि शिपायाच्या दातांना, धर्माला, इभ्रतीला काय वाटेल याचा विचार न करता त्याच्या हाती दिलेली. पुढचं आपल्याला माहीत आहे.

मग पितळी पुंगळीचं काडतूस आलं. गोळीबाराच्या बातमीत ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं आपण वाचतो, ती पुंगळी. तिच्या बुडाला ठिणगीचा मसाला, पोटात दारू, तोंडाशी गोळी. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरं ठोकलेली असत, किरकी फॅक्टरीची आद्याक्षरं. हा कारखाना आजही आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. यंत्र आलं, लाखोंनी काडतुसं निघू लागली, हातानं भरण्याचा उद्योग संपला, असं वाटावं. आणि इथेच गोष्टीला वळण मिळतं. जिथे कायदा परवानगी देतो त्या अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात लांब पल्ल्याचे नेमबाज पुन्हा टेबलाशी बसून हातानं काडतुसं भरू लागले. घड्याळजीसारखा दिवा आणि भिंग घेऊन.

का? कारखान्याला आपलं काडतूस सगळ्यांच्या रायफलीत बसवायचं असतं, म्हणून ते जरा सैल ठेवावं लागतं. बाजारातली चप्पल असते तसं. काडतूस झाडलं की आतल्या दाबानं पुंगळी फुगते आणि त्या एका रायफलीच्या पोकळीचा आकार घेते. कोल्हापुरी चप्पल आठ दिवस घातली की तिच्यावर आपल्या पायाचा ठसा उमटतो, मग ती दुसऱ्याच्या पायाला होत नाही. तशीच ही पुंगळी त्या रायफलीची होते. हातानं भरणारा माणूस तीच पुंगळी जपून पुन्हा वापरतो. सगळ्या पुंगळ्या तोलतो, जाडी-पातळी तपासतो, वेगळी दिसेल ती बाजूला काढतो. गोळी पुंगळीत सरळ बसली आहे की केसभर कललेली, हे पाहतो. दारू तोलतो.

तोलायचं माप अजूनही ‘ग्रेन’ आहे, म्हणजे धान्याचा दाणा. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आमच्या सराफ्यात जुने लोक सोनं गुंजांनी तोलत. गुंजेच्या अर्ध्याहून थोडं जास्त, एवढा हा ग्रेन. चांगला भरणारा त्या ग्रेनच्या दहाव्या हिश्श्याचीही फिकीर करतो. मला हे वाचताना आमच्या गझलेच्या उस्तादांची आठवण झाली. उर्दूत छंदाला वजनच म्हणतात. शेर कितीही सुंदर असो, एक मात्रा घसरली की उस्ताद मान हलवत, ‘वजन गिर गया.’ आणि दहा शेर म्हणजे दहा वेळा तेच वजन; एकदा सांभाळून भागत नाही.

लोकांचा समज असतो की जास्त दारू, जास्त जोर, म्हणून जास्त चांगला नेम. लक्ष्यावरच्या नेमबाजीत जोराला किंमत नाही. कागद फाडायला जोर लागतो किती? तिथे हवा असतो सारखेपणा. पहिली गोळी जिथे लागली तिथेच पन्नासावी लागली पाहिजे. सगळ्या गोळ्या दोन इंच डावीकडे लागत असतील तर काही बिघडलं नाही, चकती दोन खटके फिरवली की त्या मधोमध येतील. पण एक इकडे, एक तिकडे, असं होत असेल तर फिरवायचं काय आणि किती?

डॉ. फ्रँकलिन मॅन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं या एकाच प्रश्नात घातली, की तीच रायफल, तीच दारू, तीच गोळी, तरी दोन गोळ्या एका भोकातून का जात नाहीत. माणसाच्या हाताचा थरथराट वगळावा म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम खांब उभारून त्याच्यावर नळी बसवली. वाटेत ठिकठिकाणी कागदाचे पडदे लावले, म्हणजे गोळी डुलत जाते का सरळ, हे भोकांवरून कळेल. त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवल्या. काहींचं टोक ठेचलं, काहींचं बूड. टोक ठेचलेल्या गोळ्या बऱ्यापैकी सरळ गेल्या. बूड बिघडलेल्या भलतीकडे गेल्या. डोळ्याला टोक दिसतं, म्हणून आपण टोकाला जपतो. नळीतून बाहेर पडताना मागचा वायू ज्या बुडाला शेवटचा धक्का देतो, ते बूड सगळीकडून सारखं असणं जास्त महत्त्वाचं. १९०९ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं, आणि हातानं काडतुसं भरणारे लोक ते पुस्तक अजून वाचतात. मला त्यांचा हेवा वाटतो. एका प्रश्नाला आयुष्य देणारी माणसं आता आमच्या वाङ्मयातही फार उरलेली नाहीत.

या लोकांची एक खोड मात्र मला गमतीची वाटते, आणि ती त्यांच्यातले जाणतेच सांगतात. एखादा माणूस नवं मिश्रण तयार करतो, तीन गोळ्या झाडतो, तिन्ही एकमेकींना चिकटून लागतात. झालं! तो कागद खिशात घालून मित्रांना दाखवत फिरतो. पण तीन गोळ्या योगायोगानंही शेजारी लागू शकतात. दहा झाडा, वीस झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडा. तो घोळका पसरत जातो आणि खरं रूप दिसतं. मुशायऱ्यात एका शेराला वाहवा मिळाली म्हणून कुणी गालिब होत नाही. म्हणून अनुभवी माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो, पुष्कळ गोळ्या झाडतो, सगळं वहीत लिहितो, आणि वाईट निकालाचा कागद फेकून देत नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आपल्याकडे हे करता येत नाही, हेही स्पष्ट सांगतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एक ग्रेन चुकला तर नळी फुटून डोळा किंवा हात जायचा, हे एक. आणि आपल्या देशात घरोघरी काडतुसं भरली जाऊ लागली तर ती कागदाच्या लक्ष्यांवरच झाडली जातील, असं मानण्याइतका मी भोळा नाही. गावठी कट्ट्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

पण आपल्या मुलामुलींचा प्रश्न त्याहून निराळा आहे. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर जी रायफल चालते ती पॉइंट टू टू. तिचं काडतूस हातानं भरताच येत नाही. कायदा असो वा नसो. तिच्या पुंगळीच्या बुडाला कडेनं दुमड असते आणि ठिणगीचा मसाला त्या दुमडीच्या आत कारखान्यातच पसरलेला असतो. झाडताना रायफलीची सुई ती कड चेपते. एकदा चेपली की पुंगळी भंगारात. म्हणजे डॉक्टर मॅन असते तरी इथे त्यांचे हात बांधलेले. सारखेपणा इथे करता येत नाही. तो निवडावा लागतो, आणि निवडायचा म्हणजे विकत घ्यावा लागतो.

तो निवडतात कसा, ते ऐका. इंग्लंडमधली एली, लापुआ, जर्मनीतली आर. डब्ल्यू. एस. अशा मोजक्या कंपन्यांची काडतुसं मोठ्या स्पर्धांत वापरली जातात. प्रत्येक डब्यावर लॉट नंबर असतो. एका लॉटमधली काडतुसं एकाच खेपेत निघालेली. दुसऱ्या लॉटला मसाल्याचा घाणा वेगळा, शिशाचा, मेणाचा, हवामानाचा किंचित फरक. आपल्या घरी एकाच डब्यातलं पीठ, तीच बाई, तरी सोमवारची भाकरी आणि मंगळवारची भाकरी वेगळी होते, तसंच. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी. एका रायफलीत जो लॉट उत्तम लागतो, तो शेजारच्या, त्याच कंपनीच्या, त्याच वर्षाच्या रायफलीत विखुरतो. म्हणून युरोपातला नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जातो. तिथे नळी पक्क्या शिकंजात बसवतात. या लॉटच्या दहा गोळ्या, त्या लॉटच्या दहा गोळ्या, असं झाडत जातात, घोळका किती मिलिमीटरचा आला हे यंत्र मोजतं. जो लॉट त्या नळीला मानवला, त्याची हजारो काडतुसं तो एकदम विकत घेतो आणि वर्षभर सामन्यांसाठी राखून ठेवतो.

मिलिमीटरचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं म्हणा. अंतिम फेरीत त्या दहाचेही बारीक हिस्से पडतात, मधोमध लागली तर १०.९. गुणाचा दहावा हिस्सा म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता शाळेतलं गणित करू. ही गोळी २.६ ग्रॅमची, सराफाच्या भाषेत साधारण एकवीस गुंजांची. तिचा वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, मुद्दाम आवाजाच्या वेगाहून कमी ठेवलेला, कारण ती वेस ओलांडताना गोळीला हादरे बसतात. ५० मीटर जाताना गुरुत्वाकर्षणानं ती जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते. ते आधीच नेमात धरलेलं असतं. पण एखाद्या गोळीचा वेग फक्त १० मीटरनं कमी भरला, तर ती आणखी सात-साडेसात मिलिमीटर खाली जाईल. नेमबाजानं श्वास रोखला, मन रोखलं, चाप अगदी हळुवार ओढला, सगळं बरोबर केलं, आणि १०.९ ची गोळी दहाच्या काठावर गेली. पडद्यावर दिसतं की नेमबाज चुकला.

२०१० मध्ये म्युनिकला जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं पडून नेम धरण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवले आणि त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. २०२४ मध्ये १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं. तीन स्थितींतली ती ५० मीटरची स्पर्धा. ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण. एका गोळीला सरासरी सव्वादहाच्या किंचित वर. सोनं मिळालेल्या चिनी नेमबाजाची सरासरी १०.३ होती. अर्धा मिलिमीटरही अंतर नाही हो त्या दोन सरासऱ्यांत! १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं हे वैयक्तिक पदक. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या सुरुवातीच्या काळात गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आलं. रायफलीसाठी नव्हे, गोळ्यांसाठी. रायफल एकदा घेतली की ती राहते. गोळी झाडली की गेली, आणि सराव म्हणजे हजारो गोळ्या.

आता खेड्यातून आलेल्या मुलासमोर काय असतं ते पाहा. परदेशातून जो लॉट आला तो आला. तो त्याच्या नळीला मानवेल की नाही, हा नशिबाचा भाग. मानवला नाही तर दुसरा मागवायला पैसे नाहीत, परवानगीचे कागद नाहीत, वेळ नाही. मग तो आपल्यातच दोष शोधतो. श्वास चुकला असेल, खांदा हलला असेल. प्रशिक्षकही तेच सांगतात. एक चांगला मुलगा सहा महिने स्वतःला दुरुस्त करत राहतो, आणि दोष डब्यावरच्या नंबरात असतो. माझ्या भाचीबरोबरची एक मुलगी अशीच खेळ सोडायला निघाली होती. सहज दुसऱ्या लॉटच्या पन्नास गोळ्या तिला कुणी उसन्या दिल्या आणि तिचे गुण चढले. अशी पन्नास उसनी काडतुसं ज्यांना मिळाली नाहीत, ती मुलं आज काय करत असतील, हा विचार मला सोडत नाही.

यावर इंग्रजांनी एक जुनी तोड काढली आहे. तिकडे १८६० मध्ये राणीच्या नावाची नेमबाजी स्पर्धा सुरू झाली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियानं झाडली, म्हणजे पक्क्या बसवलेल्या रायफलीच्या चापाला बांधलेली रेशमी दोरी तिनं ओढली आणि गोळी ४०० यार्डांवर लक्ष्याच्या मध्याशेजारी लागली. बिनकष्टाचा नेम! ही स्पर्धा १८९० पासून बिस्ले इथे होते आणि तिथल्या टार्गेट रायफल प्रकारात काडतुसं संयोजकच देतात. सगळ्यांना तीच. कुणी घरून निवडून आणलेली चालत नाहीत. गोळी थोडी उणी असेल तर सगळ्यांचीच उणी. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत मोठ्या पल्ल्याच्या रायफलीची स्पर्धा गुरुग्रामजवळ कादरपूरला झाली आणि ती इंग्लंडच्या पराग पटेल यांनी जिंकली, त्याच परंपरेतली ती स्पर्धा.

ऑलिंपिकमध्ये असं होणार नाही. नळ्यांच्या आवडी निराळ्या असल्यानं एकच लॉट सगळ्यांना देणं हाही अन्यायच, असं तिथले लोक म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. पण जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर काय हरकत आहे? संघटनेनं थोडे लॉट मागवावेत. राज्यात एका ठिकाणी नळी पकडायचा शिकंजा आणि मोजायचं यंत्र ठेवावं. मुलांनी आपापल्या रायफली घेऊन यावं, चाचणी करावी, आणि ज्याला जो लॉट मानवेल तो त्याच्या नावानं राखून ठेवावा. एकाला न मानवलेला लॉट दुसऱ्याला मानवतो, त्यामुळे वाया काही जात नाही. एकट्या बापानं कर्ज काढून जे होत नाही, ते दहा जणांच्या वर्गणीत होण्यासारखं आहे. आणि खडकीला दीडशेहून जास्त वर्षांचा कारखाना असताना आपले बहुतेक अव्वल नेमबाज परदेशी डबेच उघडतात, याचं मला कोडं वाटतं. लढाईचं काडतूस आणि स्पर्धेचं काडतूस यांत फरक आहे, मान्य. तो फरक कुणी कारागिरानं मनावर घ्यावा असा आहे.

भाचीला मागच्या महिन्यात मी फोनवर विचारलं, सध्या कसं चाललंय? तिनं गुण सांगितले नाहीत. म्हणाली, ‘मामू, चांगल्या लॉटचे चार डबे उरलेत. दोनशे गोळ्या. सरावाला दुसऱ्या लॉटच्या वापरते, जरा पसरतात, पण चालतं.’ त्या चार डब्यांवर तिनं लाल शाईनं राज्य स्पर्धेची तारीख लिहून ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)